पाहुण्याच्या खुर्चीतल्या मावशी

आमच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात साफसफाई करणाऱ्या मावशींना इंग्रजीचा गंधही नाही, असं मी अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. शिक्षक आहे मी. कुणी न विचारता सांगायची खोड जुनीच.

वर्गात आम्ही सोंगं घेतो. एक जण हॉटेलच्या काउंटरवरचा, दुसरा चिडलेला पाहुणा. काय भांडायचं ते इंग्रजीत भांडा. सगळ्यांची जीभ सैल झाली, एका मुलीची मात्र काही केल्या होईना. मुलं तिला लाजाळू म्हणायची. हॉटेलातल्या नोकरीच्या दोन मुलाखतींत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिसरी सोमवारी होती, आणि तीही गेली तर शिकणं पुरे, असं घरून बजावलं होतं. मी मदत काय करायचो? तिनं तोंड उघडायचा अवकाश, चूक धरायचो.

शुक्रवारी पाहुणा होणारा मुलगा आलाच नाही. वैतागून मी मावशींना म्हटलं, बसा खुर्चीत, नुसतं रागावल्यासारखं करा. मावशींनी ओले हात पुसले आणि असे काही गाल फुगवले की वर्ग पोट धरून हसला. तेवढ्यात फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर लाजाळू इंग्रजीत घडाघडा बोलतेय! नळाला पाणी नाही, माफ करा, दुसरी खोली देते. चुका ढीगभर. पण मावशींना कुठं कळतंय, मग भ्यायचं कशाला, असं तिला वाटलं असणार. मी दारातच थांबलो.

शनिवार-रविवारीही दोघी बसल्या. सोमवारी लाजाळूचा फोन आला. नोकरी मिळाली होती, आणि तिला बोलायचं होतं मावशींशी.

संध्याकाळी मावशी फळा पुसत होत्या. पुसण्याआधी माझं इंग्रजी वाक्य हलक्या आवाजात वाचत होत्या, अगदी नीट. मी चाटच पडलो. एवढं कळतं तर तिच्या चुका का नाही सांगितल्या, असं विचारलं.

"चुका धरायला तुम्ही आहात की, सर. कुणीतरी नुसतं ऐकायला नको का?"

लाज वाटली मला. पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि म्हटलं, "आता तुम्ही बोला. मी ऐकतो."

मावशी आधी हसल्या, मग घसा खाकरून इंग्रजीत बोलू लागल्या. पहिल्या तीन वाक्यांत पाच चुका होत्या. मी गप्प बसून मान डोलवत राहिलो.