सुतळी बॉम्बातली हवा

मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घातला की ती विझते. हा प्रयोग करायला फारशी अक्कल लागत नाही, आणि माझ्याकडे ती बेताचीच होती हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी स्वतःला मोठी प्रयोगशील शिक्षिका समजत होते. तेरखेड्याच्या अंगाला एका लहान गावात आमची सरकारी शाळा होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या दोन्ही वर्गांत मिळून पंधरा पोरं होती.

या भागात फटाके बनतात. गावाबाहेर माळावर कारखान्याच्या सुट्या सुट्या खोल्या आहेत, एकमेकींपासून मुद्दाम लांब बांधलेल्या. गावातल्या निम्म्या बायका सकाळी डबा घेऊन तिकडं जातात. दारू भरायचं काम तिथंच होतं, पण कागदाच्या नळ्या घरोघरी वळल्या जातात. त्यामुळं माझ्या वर्गातल्या पोरांची बोटं कायम खळीनं चिकट असायची आणि वह्यांची पानं एकमेकांना चिकटून यायची. मी त्यावरून रोज ओरडायचे. माझा आवाज मोठा आहे आणि जीभ त्याहून मोठी आहे, हे घरचेही सांगतील.

मुलांना सगळं हातानं करू द्या, त्यांना प्रश्न विचारू द्या, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे. तीन दिवस आम्हाला जागेवरून उठू न देता, एकही प्रश्न विचारू न देता सांगायचे. तरी मी ते मनावर घेतलं होतं, अगदी खरंच. कपाटात कुलूप लावून ठेवलेली साहित्याची पेटी मी बाहेर काढली. आम्ही पाण्यावर टाचणी तरंगवली. अंगणातल्या मातीत चुंबक फिरवून त्याला चिकटलेला काळा कीस कागदावर झटकला. पोरांना काय आनंद व्हायचा म्हणून सांगू.

तिसरीत एक मुलगी होती. अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. तिला प्रश्न पडायचे. चुंबकाच्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, मातीत लोखंड हाय, तर माती कामून गंजत न्हाय?" मला उत्तर आलं नाही. पण त्या दिवशी मी खुशीत होते, म्हणून तिला शाबासकी दिली. माझी शाबासकी अशी माझ्या मर्जीवर चालायची. ती मर्जी कधी फिरेल हे त्या पोरीला कसं कळावं?

मेणबत्तीच्या दिवशी साहेब तपासणीला आले होते. मागच्या बाकावर बसून त्यांनी वही उघडली. मी तयारी चोख केली होती. मेणबत्ती पेटवली, ग्लास उपडा घातला, ज्योत बारीक होत होत विझली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर लिहिलं, जळायला हवा लागते. सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं. साहेबांनी फोटो काढला. इथं तास संपायला हवा होता.

तिनं हात वर केला. "बाई, मंग सुतळी बॉम्बात हवा कुठून येती?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"दारू ठासून भरतेत. वरून सुतळी लई घट्ट गुंडाळतेत. आत हवा जायला जागाच न्हाय. तरी आतलं जळतंय की."

मी म्हटलं, वात बाहेर असते, तिला हवा मिळते. ती म्हणाली, वात तर आत जाती. मी म्हटलं, आत थोडी हवा असतेच. ती म्हणाली, मंग ग्लासात बी थोडी हुती, मेणबत्ती कामून इझली? वर्ग माझ्याकडं बघत होता, साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, कदाचित त्यांनाही उत्तर माहीत नसेल. पण मला ते हसतायत असं वाटलं आणि माझं डोकं फिरलं.

मी खडू तिच्या हातात दिला. म्हटलं, "ये, तूच शिकव आता. मी बसते खाली." आणि खरोखर जाऊन तिच्या जागेवर बसले.

पोरं हसली. आधी दोघं-तिघं, मग सगळी. ती फळ्यासमोर खडू धरून उभी राहिली. तिला वाटलं असावं की खरंच काहीतरी सांगायचं आहे, कारण तिनं एकदा तोंड उघडलं. मग तिला कळलं. ती रडली नाही. मी "बस जागेवर" म्हणेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि तेही मी लगेच म्हटलं नाही.

साहेबांनी अभिप्राय लिहिला की कृतीतून अध्यापन उत्तम, वर्गावर ताबा चांगला. तो मी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला.

पुढं महिनाभर पोरं तिला 'धाकट्या बाई' म्हणून चिडवत होती. मी ऐकत होते. पोरांचं काय, आज चिडवतात, उद्या विसरतात, असं स्वतःला सांगत होते. पोरं विसरलीही. ती मात्र गप्प झाली, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. उलट तिचं अक्षर सुधारलं, वही नीट झाली, गृहपाठ चुकेना. मी तिला वर्गाची मॉनिटर केलं.

ध्यानात आलं ते पुढच्या वर्षी, ती चौथीत गेल्यावर. दिवाळीच्या आधी कारखान्यात काम जोरात असतं. ती चार दिवस शाळेत आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली होती. तिची आई नुकतीच कामावरून आली होती, हात राखाडी, डोक्याला घट्ट फडकं. तिनं मला पोत्यावर बसवलं आणि मी काही बोलायच्या आधीच माझे आभार मानायला लागली.

"बाई, तुमी लई चांगलं वळण लावलं बगा पोरीला. आधी नुसती टकळी चालायची. हे असं कामून, ते तसं कामून, जीव खायची माझा. आता शानी झालीया. सांगंल तेवढं करती, तोंडातून सबूद काढत न्हाय."

ती बाई मनापासून बोलत होती, माझा मान राखून. मला बसवेना. पोर कोपऱ्यात भावाला मांडीवर घेऊन कागदाच्या नळ्या वळत होती आणि खाली मान घालून ऐकत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी आईला विचारलं, सुतळी बॉम्ब बंद असून आत जळतो कसा? ती हसली. मास्तरीणबाईला एवढंही ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलं असणार. "दारूत शोरा असतोय न्हवं. शोऱ्याबिगर दारू पेटत न्हाय. त्याला हवेची काय गरज? माझी सासू बी हेच सांगायची."

घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं, मग भाच्याचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. शोऱ्यात, म्हणजे पुस्तकातल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, प्राणवायू असतो. तापला की तो बाहेर पडतो. दारू आपली हवा आपल्यासोबतच घेऊन असते, तिला बाहेरची लागत नाही. दोन ओळींचं उत्तर. आठ वर्षांच्या पोरीनं एका ग्लासाकडं बघून एवढी नेमकी शंका काढली होती आणि मी तिला वर्गासमोर उभं करून तिचं हसं केलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या रात्री जेवण गेलं नाही.

शहाण्या माणसानं दुसऱ्याच दिवशी तिला जवळ घेऊन सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. चौथीतल्या पोरीपुढं 'मी चुकले' म्हणायला माझी जीभ रेटेना, एरवी ती कुणालाही आवरत नसे. मी ठरवलं की प्रयोग करून तिला पुन्हा बोलती करायची. एप्रिलमध्ये चौथी संपणार, मग ती तेरखेड्याच्या मोठ्या शाळेत जाणार किंवा घरीच बसणार. त्याआधी तिनं मला एक प्रश्न विचारावा, कसलाही, एवढंच मला हवं होतं.

मी काय काय केलं नाही! मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं. भिंगानं कागद जाळला. आरशानं छतावर ऊन पाडलं. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी तिच्याकडं बघितलं. ती सांगितलेलं सगळं व्यवस्थित करायची, ग्लास धुऊन ठेवायची, वहीत समास आखून साहित्य, कृती, निष्कर्ष लिहायची. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की बाकीची पोरं काहीबाही विचारायची. "तुला?" म्हटलं की, "न्हाय, बाई." हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं, फक्त घडा मीच पालथा घातला होता.

मार्चमध्ये मी शेवटचा प्रयोग काढला आणि तो फक्त तिच्यासाठी काढला. चहाच्या कागदी कपांत माती घालून मूग पेरायचे. प्रत्येकाचे दोन कप, एक खिडकीत, एक बंद कपाटात. पोरांच्या गाइडमध्ये छापलेलं होतं की अंधारात रोप वाढत नाही. पण आठ दिवसांनी कपाट उघडलं तर दिसतं वेगळंच. अंधारातला मूग पिवळा पडतो, लुळा होतो, पण उजेड शोधत उजेडातल्यापेक्षा कितीतरी उंच जातो. मी हे आधी घरी करून बघितलं होतं. यंदा तयारीत कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. डोळ्यांसमोर एक आणि गाइडमध्ये दुसरं असं झालं की तिच्यासारखी पोर गप्प बसणारच नाही. ती म्हणेल, बाई, हे खोटं छापलंय. मग मी म्हणेन, शाबास. मग मी तिला सगळं सांगेन.

आठव्या दिवशी कपाट उघडलं. अंधारातले कोंब लांबच लांब वाढून एकमेकांवर लवंडले होते. पोरं ओरडली, "आयला, हे तर मोठं झालंय!" मी शिवी न ऐकल्यासारखं केलं. तीन-तीनदा सांगितलं, गाइड बंद ठेवा, जे दिसतं तेच लिहा. पट्ट्या वाटल्या. मी तिच्या मागं उभी राहिले. तिनं खिडकीतल्या रोपाला पट्टी लावली. मग कपाटातलं लुळं रोप दोन बोटांनी सरळ धरून त्याला पट्टी लावली, आणि अंगठा जवळजवळ दुप्पट अंतरावर नेऊन टेकवला. बरोबर टेकवला. मी बघत होते.

मग तिनं पट्टी खाली ठेवली, समास आखला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'अंधारातील रोप वाढले नाही.'

मी सुट्टीत तिला थांबवलं. बाकीची पोरं खिचडीला गेली होती. मी दोन्ही कप तिच्यापुढं ठेवले आणि विचारलं, "यातलं मोठं कुठलं?"

तिनं कपाटातल्या कपाकडं बोट दाखवलं.

"मग वहीत असं का लिहिलंस?"

आपलं काय चुकलं ते शोधत असावी. मग तिनं पटकन खोडरबर हातात घेतला. "काय लिहू बाई?"

मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि दिवाळीपासून जे पोटात ठेवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. सुतळी बॉम्बाचं, शोऱ्याचं, तिच्या आईनं काय सांगितलं ते. म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलेलं बरोबर होतं. चूक माझी होती. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तुझ्यावर चिडले. मी चुकले, बाळा."

"व्हय, बाई," ती म्हणाली.

ती ज्या आवाजात रोज हजेरी द्यायची, तोच आवाज होता. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला, म्हटलं, "अगं, नुसतं व्हय नको म्हणू. तुला काय वाटतं ते सांग. कोण बरोबर होतं, तू का मी?"

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. या वेळी मला कुठलं उत्तर हवंय ते ती माझ्या तोंडावर वाचत होती. पण मी रडत होते, त्यामुळं तिला काही अंदाज लागेना.

"तुमी सांगाल तसं, बाई," ती म्हणाली, आणि खोडरबर तसाच हातात धरून मी काही सांगायची वाट बघत बसली.