मोहाच्या दिवसांतली पाळी
सुकत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला नागझिरा अभयारण्याचं ते गेट आठवतं. तिथे गाईडांच्या पाळ्यांची नोंद एका जुन्या कॉम्प्युटरवर व्हायची आणि ती नव्या डेटाबेसमध्ये हलवायला मला गोंदियाहून पाठवलं होतं. संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पाळ्या नव्यात उतरवायचो आणि सकाळी दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघायचो. फरक शून्य आला की जुना कॉम्प्युटर बंद करायचा, असं ठरलं होतं. पण रोज त्याच एका गाईडची आणि सोबत आणखी कुणातरी एकाची नोंद वेगळी निघायची. नव्यात त्या गाईडची पाळी सकाळची, तर जुन्यात दुपारची; दुसऱ्याचं नेमकं उलट. नवा डेटाबेस वेळच चुकीची वाचतोय, असं समजून मी पार वैतागलो. शेवटी गेटवरच्या बाबूंना विचारलं, तर चहा फुंकत ते म्हणाले, "गेट उघडाच्या आधी मीच बदलवून राहिलो ना जी. मोह पडून राहिला. तो गाईड पहाटे बायकोसंगं वेचाले जाते, म्हणून बाकीचे त्याले दुपारची पाळी देतेत." मी म्हटलं, "नव्यात एकदा लागलेली पाळी बदलता येणार नाही." "मंग झाडाले सांगा, दुपारी फुलं पाड म्हणून." मी नव्यात पाळी बदलायची सोय केली आणि मगच जुना कॉम्प्युटर बंद केला. आता इतक्या वर्षांनी, कुठे पहिल्याच सकाळी फरक शून्य आला, तर मी आधी विचारतो, इथली माणसं एकमेकांची पाळी घेत नाहीत का?