बिनबर्फ्या मामा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पाठीमागे ‘बिनबर्फ्या’ म्हणत आणि तोंडावर ‘सर’. भाचीसाठी ते मामा, पण पहिल्याच दिवशी त्यांनी तिला दारात बजावलं होतं, “नाती चपलांबरोबर बाहेर ठेवायची.” तिला विद्यार्थिनी म्हणून स्वतःच्या हाताखाली घेताना मात्र नातं बरोबर आठवलं होतं. मुकाट राबणारं माणूस घरातच मिळत असेल तर कोण सोडतंय!

मामांचा सगळा जन्म एका हट्टात गेला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या नखाएवढ्या चकत्या असतात. त्यातल्या उत्तम चकत्या द्रव नायट्रोजनने गोठवाव्या लागतात, नाहीतर स्वतःच्याच उबेने त्या बावचळतात. मामांना ही थेरं वाटायची. “लाडावलेली कार्टी नुसती!” असं म्हणत ते साध्या खोलीत चालतील असे शिसं-सेलेनियमचे पातळ थर वर्षानुवर्षं भट्टीत भाजत होते. थर बिघडला की शिव्या भट्टीला. थर बरा निघाला की मान मामांची ताठ.

मग एक थर जमला. आकडे असे चढले, की मामा जिना चढतानासुद्धा छाती काढून चढायला लागले. भाचीचा सगळा प्रबंध त्याच थरावर उभा राहिला.

अशा मोजमापात अवरक्त दिव्यापुढे एक फिरतं पातं लावतात. ते प्रकाश ठरावीक लयीत तोडतं, आणि यंत्र तेवढाच लुकलुकता भाग मोजून खोलीतली बाकीची ऊब सोडून देतं. मामांनी ते पातं काढून टाकलं होतं. त्याच्या घरघरीने म्हणे डोकं उठायचं. भाचीने एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाले, “आता तू मला शिकवणार?” ती गप्प बसली. पदवी त्यांच्याच सहीवर मिळायची होती.

थर तपासायला बाहेरची समिती आली. त्यांनी होकार दिला की भाचीचा प्रबंध मंजूर, असं ठरलेलं होतं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहऱ्यावर जगावर उपकार केल्याचा भाव होता.

“लाव दिवा,” ते म्हणाले आणि सवयीप्रमाणे चकतीवर ओणवे झाले. यंत्राचा काटा सरसर वर गेला. समितीतले लोक चक्क टाळ्या वाजवू लागले.

भाचीचा हात अजून बटणापाशीच होता. एका गृहस्थांना खुर्ची सरकवून देण्याच्या नादात दिवा लावायचा राहूनच गेला होता.

तिने काट्याकडे पाहिलं, मग ओणव्या मामांकडे. दिवा लागला की मामा वाकणार आणि दिवा बंद की खुर्चीत जाऊन चहा पिणार, हे इतकी वर्षं असंच चाललं होतं. चकतीने आजवर टिपलं ते मामांचं ऐसपैस तोंड! उबदार अंगातूनही अवरक्त प्रकाश निघतोच; यंत्राने मोजला तो तोच, आणि त्यावर हिचा प्रबंध.

दिव्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागणं शक्य नव्हतं. तिने आत्ता हळूच बटण दाबलं असतं तर पदवी खिशात होती. तिने बोट ठेवलंसुद्धा.

तेवढ्यात मामा समितीकडे वळले. “हे सगळं एकट्याच्या जिवावर उभं केलंय. ही पोरगी आपली आकडे लिहून घ्यायला.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मामा, दिवा बंद आहे.”

“सर म्हण!” मामा खेकसले. ती काय म्हणाली ते त्यांच्या डोक्यात नंतर शिरलं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी मामांना भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं. काटा खाली बसला. भाचीने दिवा लावला, तो नीट तापू दिला, तरी काटा जेमतेम हलला. मग बाईंनी मामांना पुन्हा वाकायला लावलं आणि काटा टुणकन वर गेला. एक सदस्य तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे गेले.

“हे मोजमाप कोणी केलं?” बाईंनी विचारलं.

मामांनी डोळ्याची पापणीही लवू दिली नाही. “हिने. अगदी पहिल्या दिवसापासून सगळं हिनेच केलं.”

इतक्या वर्षांत मामांनी तिला पहिल्यांदाच श्रेय दिलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. आकडे तिच्याच हातचे होते, पात्याबद्दल गप्पही तीच बसली होती. तिने मान हलवली आणि म्हणाली, “हो, मीच केलं.”