मंदाने काढलेला नाला

मंदा फोटो काढताना कुणाला हस म्हणायची नाही. बायका पदर सारखा करायला लागल्या की ओरडायची, "काकू, लग्नाला निघालात काय? आहात तशा राहा!" मला एकदा टोपीसुद्धा घालू दिली नाही. मी रागावलो तर म्हणते, "आबा, टोपीचा फोटो नकोय. तुमचा पायजेल."

शेजारच्या बाळारामची ही मुलगी. आमचं गाव अंबरनाथच्या पूर्वेला, पालेगावच्या पुढं. ती उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या स्टुडिओत कामाला होती. लग्नाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना ब्रशने रंग भरायचा, नवरीचे ओठ लाल, शालू हिरवा, हे तिचं काम. शेठ भला माणूस. उरलेले रोल तिला द्यायचा, वर म्हणायचा, "ले जा बेटी, गाव के हीरो का फोटो निकाल." मंदाने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी हीरो निवडला तो आमचा नाला.

वरच्या कारखान्याचं पाणी नाल्यात सुटायचं, लालभडक. माझी भाताची रोपं जळाली, विहिरीला वास यायला लागला. आम्ही सरकारी कचेरीत अर्ज केला. साहेब पाहणीला यायचा त्या दिवशी पाणी बघावं तर आरशासारखं! कारखान्याला आधी खबर लागायची. कोण देत होतं ती खबर, हे आम्ही विचारायचं नाही! दोनदा असं झालं. मग साहेब म्हणाला, "पुरावा आणा, नाहीतर अर्ज निकाली काढतो."

पुरावा मंदाकडे होता. तीन पोरी महिनाभर रोज एकाच दगडावर उभ्या राहून नाला टिपत होत्या. पोट वर करून तरंगणारे मासे, आडवी झालेली रोपं, बाळारामच्या पायांची निघालेली सालपटं. सगळं काळं-पांढरं. मी बघून म्हणालो, "यात लाल कुठाय? साहेब हसेल. रंग लाव."

"आबा, मासे दिसतात ना? तेवढं पुरे."

"नवरीचे ओठ रंगवतेस, मग गावाचा नाला रंगवायला काय झालं?"

"नवरी कचेरीत पुरावा म्हणून नेत नाहीत. याला हात लावला की हा खोटा धरतील."

"मला शिकवू नको. गावात मोठा कोण, तू का मी?"

ती फोटो घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी नाला लाल करून आणला. हुबेहूब आमचाच.

कचेरीत साहेबाने फोटो घेतला, बोट थुंकीने ओलं केलं आणि फोटोतल्या पाण्यावर घासलं. बोट लाल. कारखान्याचा मॅनेजर बाजूच्या खुर्चीत चहा पीत बसलेला. "काय हो, हा नाला आहे की नवरी?" साहेब म्हणाला, आणि दोघं खिदळले. मासे कुणी पाहिले नाहीत, हरामखोरांनी.

"रंग कुणी लावला?"

मंदा पुढे झाली. "मी. माझ्याच मनाने."

मी तिच्या मागेच उभा होतो. पुढे मात्र झालो नाही.

अर्ज निकाली निघाला. गावाने पोरीला सोडलं नाही. "काय गो रंगारीण, आमची भिंत पण रंगव की!" मी तिच्या घरी गेलो आणि वर तिलाच झापलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझं नाव गेलं तर मी स्टुडिओत रंग भरत बसेन. तुमचं गेलं तर पुढच्या अर्जावर सह्या कोण देईल? निगेटिव्ह आहेत माझ्याकडे, आबा. नव्या कॉप्या काढू, बिनरंगाच्या. तुम्ही फक्त अर्ज लिहून घ्या."

मी लिहून घेतला नाही. त्या साहेबापुढे पुन्हा उभा राहणार नाही, हा माझा बाणा. ती भेटेल तेव्हा विचारायची, "लिहिला, आबा?" मी म्हणायचो, "बघू." असं करत तिचं लग्न होऊन ती कात्रपला गेली, आणि नाल्याकडची शेतं एकेक करून विकली गेली. माझंही गेलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी कावीळ होऊन ती वारली. मयताला गाव गेलं होतं. तिथं आमच्यातलाच एकजण हळूच म्हणाला, "पोर चांगली, पण गावाचं काम हिनेच घालवलं."

मी उठलो. सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, "रंग मी लावायला लावला! ती नको म्हणत होती. आणि दुसरा अर्जही मीच केला नाही!"

त्याने माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाला, "बसा, आबा. मेल्यावर सगळेच चांगलं बोलतात."