बदलीवरच्या पोरी

आठवीत शाळा सुटली, तरी या शहरात मला सगळे सिस्टर म्हणतात. अंगावरचा पांढरा कोट आजारी-म्हाताऱ्यांच्या सेवेला पोरी पुरवणाऱ्या एजन्सीचा. किनवटकडून आले तेव्हा एजन्सीच्या ताई स्वतः स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. एजन्सीच्या पोरींच्या खोलीत कॉट दिली, पुढ्यात गरम भाकरी ठेवली. इथं दुसरं कोण होतं मला? ते उपकार मोठेच, पण त्यांची धास्तीही तेवढीच.

एजन्सीचा नियम होता, पंधरा दिवसांच्या वर एका जागी कुणाला ठेवायचं नाही. जीव लागला की वृद्धाश्रमवाले पोरीला परस्पर ठेवून घेतात, एजन्सीचं कमिशन बुडतं. गेल्या हिवाळ्यात मी आणखी तिघींसोबत एका वृद्धाश्रमात बदलीवरच गेले. तिथं गंगापूरकडच्या एक आजी अंथरुणाला खिळलेल्या. नव्या पोरीचं गाव, मायबाप, भावंडं विचारून झाल्याशिवाय तिच्या हातचा घास घ्यायच्या नाहीत. त्यांना माझं सगळं पाठ झालं, तरी माझ्या जागी कुणी आलं नाही. आश्रमाकडं एजन्सीचं बिल थकलं होतं, म्हणून ताई नवी पोरगी पाठवत नव्हत्या.

मग एका दुपारी ताईंचा फोन आला. "लई झालं आता. चौघी सामान उचला, अंधाराच्या आत खोलीवर या."

आश्रमाच्या मॅडम दारातच उभ्या राहिल्या. "फी वाढवली की लेकरं म्हाताऱ्यांना घरी नेतात. नाही वाढवली की ताई तुम्हाला नेतात. मी काय करू, सांगा." मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू राहा गं. थेट माझ्याकडं. पगार जास्त देते."

"कधी?" तोंडातून निघूनच गेलं.

मॅडम हसल्या. "तेवढं नको विचारू."

सोबतची एक जण पिशवी बांधता बांधता म्हणाली, "राहा की, मॅडमची लाडकी! ताई तुझी कॉट उकिरड्यावर टाकतील, तिथंच झोप मग." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण कॉट गेली तर गावाकडं कोणत्या तोंडानं जायचं?

मी कोट घडी करून पिशवीत घातला.

आजींच्या पाठीला जखम होती, त्यांना कुशीवर वळवायला दोघी लागायच्या. स्वयंपाकाच्या मावशींना बोलावलं, चादर ओढून कसं वळवायचं ते दाखवलं. "माझा कुकर कोण बघंल गं?" म्हणत मावशी परत गेल्या. आजींचं तोंड आता भिंतीकडं होतं. थोरल्या लेकीच्या सासरचं पाणी किती खारं, डाळ कशी शिजत नाही, ते सांगत होत्या. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

"ऐकती ना गं?"

"व्हय, आजी."

चपला हातात घेतल्या नि दाराकडं निघाले. व्हरांड्यात आले तरी आजी त्या डाळीचंच सांगत होत्या.