डब्यावरच्या चिठ्ठ्या

आमच्या घरातलं इंटरनेट मी गुदमरवून मारलं.

जन्म तहसिलीत कारकुनी करण्यात गेल्यामुळे बिनचिठ्ठीची वस्तू मला बेवारस वाटते. परसवाड्याहून रिटायर होऊन बालाघाटात आलो आणि मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलं, फ्रिजवर 'फ्रिज' लिहिलं (पाहुण्यांचा गोंधळ नको!) आणि इंटरनेटच्या डब्यावर डिंकानं चिठ्ठी डकवली : 'मोडेम'.

रविवारी साळा आला. विनोदचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, म्हणजे तो माऊस विकतो.

"भाऊजी, हे मोडेम नोहे. राऊटर होय!"

"तुले कोनं सांगतलं?"

"वायफाय देते ना? मंग राऊटर!"

"आन् बाहेरून वायर येते, थे काय नळाची होय? मोडेम!"

खोडाखोड मी खपवून घेत नाही. सरकारी पद्धतीत नवी नोंद चढवतात. म्हणून त्यानं शेजारी लावली : 'राऊटर'. मी खाली : 'असहमत. पुनर्विचार व्हावा.' तो : 'पुनर्विचार केला. राऊटरच!' आठवड्यात डबा नवरदेवासारखा झाकला गेला. बाजूच्या बारीक फटींवर तर डिंक काय सुरेख धरायचा!

मंगळवारी अकराला आमच्या प्राचीची ऑनलाइन मुलाखत होती, पुण्याच्या कंपनीची. दोन वर्षं पोरगी या एका बोलावण्याची वाट पाहत होती.

"बाबा, आज नेटले हात नका लावू, प्लीज!"

"हौ, हौ!"

आणि खरंच, मी हात लावला नाही. फक्त उरलेल्या जागेवर सात ओळींचा 'अंतिम आदेश' चिकटवला. मे महिना होता.

अकरा वीसला आतून किंकाळी. "बाबा! नेट गेलं!"

डब्याला बोट लावलं. पोळी टाकली असती तर फुगली असती!

प्राचीनं माझा मोबाइल हिसकावला, त्याच्या नेटवर मुलाखत पुढे सुरू केली. पलीकडून विचारणा झाली, मधेच काय झालं? पोरीनं खरं ते सांगून टाकलं! बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते. (नोकरी लागली. पुण्यात माझं नावही झालं.)

दुपारी मेकॅनिक आला, मागोमाग विनोदही. मेकॅनिक चिठ्ठ्या सोलू लागला. "अंकलजी, इसकी तो सांस ही बंद कर दी आपने!"

"वो छोडो," मी आणि विनोद एकदमच म्हणालो, "मोडेम है के राऊटर?"

"सिर्फ मोडेम भी नहीं, सिर्फ राऊटर भी नहीं. फाइबर का डब्बा है, ओएनटी बोलते हैं."

आम्ही दोघंही पाणी प्यायलो.

नव्या डब्यावर आता एकही चिठ्ठी नाही. चिठ्ठी माझ्या खुर्चीच्या पाठीला आहे, बायकोच्या अक्षरात : 'यांना नेटपासून दूर ठेवावे.' खाली विनोदचा शेरा : 'सहमत.'

मी पेन काढला. इतक्या वर्षांची सवय. 'पाहिले' लिहिलं आणि सही ठोकली.