राण्यांची भाषा
पिकत्या केळ्यांचा वास आला की मला ताईच्या सासरची, चाळीसगावची बैठकीची खोली आठवते. लहानपणी सावद्याला केळीच्या बागेत ताईनं आम्हा दोघींचं एक राज्य मांडलं होतं आणि त्याची भाषाही स्वतः रचली होती. ती फक्त राण्यांनी बोलायची. दासी आणि पहारेकरी आपली रोजची बोली बोलायचे. तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तेव्हा सोबत केळ्यांचा घड नेला होता. खोलीभर त्याचा गोड वास कोंडला होता, वर पंखा घरघरत होता. ताई वाळली होती. चहा द्यायला ती वाकली तेव्हा मी राण्यांच्या भाषेत हळूच विचारलं, "सोरी मेनाव?" म्हणजे, सुखात आहेस ना? सासूबाईंनी मान वर केली. "हे काय गं? तुमच्या सावद्याकडची बोली का?" ताईनं पदर सारखा केला. "हो आई, गावाकडचं अडाणी बोलणं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नीट मराठीत बोल." मी चहा प्यायले. स्टेशनवर पोचेपर्यंत मला काहीच वाटलं नाही. गाडीची वाट बघताना मात्र उमगलं, माझ्या प्रश्नाचं उत्तर ताईनं दिलंच नव्हतं. आता ती फोनवर सगळं ठीक आहे म्हणते, आणि मीही पुढे काही विचारत नाही.